अक्षरावरची टोपी

(जिल्ह्याचं इस्पितळ, दुपारची वेळ. थिआम-होकच्या घशातली गाठ काढताना आवाजाची पेटीही काढावी लागली. गळ्याला पट्टी, नाकात नळी, हातात टॉर्चएवढं बोलायचं यंत्र आणि त्याची बारीक दांडी गालात. खाटेशी बायको सुइ-किम आणि बोलणं शिकवायला येणाऱ्या ख्यू बाई.)

सुइ-किम: …तर मी त्याला म्हटलं, इंजिन खोकतंय म्हणून भाव पाडू नकोस. आमचा म्हातारा याहून जास्त खोकायचा, तरी मी त्याला फुकट दिला नाही.

ख्यू बाई: काकू, काकांना बोलू द्या. धडा त्यांचा आहे.

सुइ-किम: बोलू दे की. गळा शाबूत होता तेव्हा जेवणाला 'हं' आणि झोपायला 'हं'. आता यंत्र मिळालंय, तर बघू काय बोलतो ते.

ख्यू बाई: काका, दांडी गालात धरा. बटण दाबा आणि ओठ हलवा. जोर लावू नका. तो आवाज तुमचा नाही, यंत्राचा आहे. तुम्ही फक्त शब्द घडवायचे.

थिआम-होक: कुणाला. म्हटलं.

ख्यू बाई: छान. पण सुटे शब्द नकोत. पूर्ण वाक्य बोला. सुट्या शब्दाने समोरच्याची फसगत होते.

सुइ-किम: छ्वाला म्हटलं, दुसऱ्या कुणाला. उद्याच्या भरतीला तो होडी ओढून नेणार आहे.

थिआम-होक: कुणाची. होडी.

सुइ-किम: आपली. दुसऱ्याची होडी विकायला मी काय चाच्यांच्या घरची आहे?

थिआम-होक: नाही.

सुइ-किम: नाही काय?

थिआम-होक: नाही. नाही. इंजिन.

ख्यू बाई: काका, सावकाश. दांडी निसटतेय. टाक्यांना ताण देऊ नका.

सुइ-किम: तूच तर सांगितलंस, म्हाताऱ्या. हे यंत्र आणलं त्या दिवशी. मी विचारलं, छ्वा येऊन गेला, त्याला काय सांगू? तू म्हणालास, 'बे'.

थिआम-होक: बे.

सुइ-किम: बघा बाई. आत्तासुद्धा 'विक'च म्हणतोय.

थिआम-होक: इंजिन. बे.

ख्यू बाई: थांबा काकू. हा छ्वा नक्की काय करतो?

सुइ-किम: जुन्या होड्या घेतो, सुटी इंजिनं विकतो. किनाऱ्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्या होड्यांचं सरण तोच रचतो.

ख्यू बाई: म्हणजे काका इंजिनाबद्दल बोलत होते. छ्वाकडून इंजिन विकत घे, असं. अहो, आपल्या बोलीत 'बे' वरून खाली आपटला की घेणं, आणि सपाट ठेवला की विकणं. यंत्राला आपटता येत नाही. त्यातून सगळंच सपाट येतं. काकांनी शंभरदा 'घे' म्हटलं असतं तरी तुम्हाला 'विक'च ऐकू आलं असतं.

सुइ-किम: असं होय.

ख्यू बाई: तुमची यात काही चूक नाही. माझीच आहे. पहिल्याच दिवशी हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

थिआम-होक: हात.

ख्यू बाई: हात दुखतोय का, काका?

थिआम-होक: तिचा. हात.

सुइ-किम: तो दुसरंच म्हणतोय. त्या दिवशी मी याला परत विचारलं होतं. खात्री करावी म्हणून तळहात पुढे केला. म्हटलं, बोटाने लिही.

ख्यू बाई: मग काकांनी लिहिलं?

सुइ-किम: लिहिलं. मला अक्षरं उशिरा आली, बाई. नातवंडं झाल्यावर देवळातल्या वर्गाला जायला लागले. पण हे अक्षर पक्कं आहे. घेण्याचं अक्षर आणि विकण्याचं अक्षर एकासारखं एक, विकण्याच्या डोक्यावर तेवढी टोपी जास्त. मासळीवाल्या बायकांनी पहिल्यांदा हीच दोन पाठ केली.

ख्यू बाई: मग टोपी होती?

सुइ-किम: हाताला सलाइन होतं त्याच्या. बोट थरथरत होतं. तळव्यावर वरच्या अंगाला काहीतरी लागलं.

थिआम-होक: टोपी. नव्हती.

सुइ-किम: मला लागली.

थिआम-होक: नव्हती.

ख्यू बाई: काका, थरथरत्या बोटाचा काय भरवसा? काकूंना तसं वाटणं साहजिक आहे. अजून उशीर झालेला नाही ना? उद्याची भरती उद्या आहे. नंबर द्या, मी छ्वांना फोन करते. म्हणते, ऐकण्यात घोटाळा झाला. रागावले तर माझ्यावर रागावतील.

थिआम-होक: मात्सू.

ख्यू बाई: काय म्हणाले?

सुइ-किम: मात्सू, दर्याची देवी. होडीच्या खोपटात तिच्या अंगाऱ्याची पुडी बांधलेली असते, होडी द्यायची झाली तरच सोडायची. जाळ्याला हात लावायच्या आधी हा तिला हात लावायचा. आहे रे, आणली. पिशवीत आहे. लाल फडक्यात गुंडाळलीय.

थिआम-होक: कधी. काढली.

सुइ-किम: काढली म्हटलं ना.

थिआम-होक: कधी.

सुइ-किम: पाणी लागतंय का तुला? नाही, तोंडाने द्यायचं नाहीच अजून. विसरलेच. सकाळी माशाची पेज आणली होती तुझ्यासाठी, तीही शेवटी मीच खाल्ली बाहेर बाकड्यावर बसून. आलं जास्त झालं होतं.

ख्यू बाई: काकू.

सुइ-किम: तुझं ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी काढली. तू अजून शुद्धीवरही आला नव्हतास.

ख्यू बाई: म्हणजे यंत्र मिळायच्या आधी?

सुइ-किम: हो. तेव्हा ना 'बे' होतं, ना टोपी.

ख्यू बाई: मला कळलं नाही.

सुइ-किम: त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक असेल की. गळ्याला भोक राहणार, आता श्वास तिथूनच.

ख्यू बाई: हो. पण काकांना ते… तुम्ही सांगणार होतात ना? कागदावर तसं लिहिलंय. घरच्यांनी सांगितलं म्हणून.

सुइ-किम: मी सांगते म्हटलं होतं. सांगितलं नाही.

थिआम-होक: काय.

सुइ-किम: तुम्हीच सांगा हो बाई.

ख्यू बाई: काका… श्वासाचं भोक आता गळ्याला आहे. पाण्यात पडलात तर पाणी नाकातोंडात जाणार नाही, सरळ छातीत जाईल. पोहता येत असलं तरी उपयोग नाही. म्हणून पाण्यावर जाता येणार नाही. खाडीत नाही, कालवं लावलेल्या बांबूंपाशीही नाही.

थिआम-होक: किती. दिवस.

ख्यू बाई: दिवसांचं नाही हे, काका.

सुइ-किम: हे मी कसं सांगणार होते, सांग. डोळे उघडलेस ते माझी ओळखही दिली नाहीस. बोटाने हवेत लाट काढलीस. भरती कधी, म्हणून. मी म्हटलं, आज संध्याकाळी. तू हसलास. नाकात नळी घेऊन हसलास. त्यावर मी काय बोलणार?

ख्यू बाई: काकू, बसा.

सुइ-किम: मग यंत्र आलं आणि तू 'बे' म्हणालास. मला वाटलं, देवीनेच याच्या तोंडून वदवलं. तळवा पुढे केला तोही टोपी लागावी म्हणून. थोडीशी लागली असती तरी मला पुरली असती. आणि लागली. लागली का रे? मला आता आठवून आठवून कळेनासं झालंय. हात धुणंसुद्धा जिवावर आलं होतं त्या दिवशी.

ख्यू बाई: आपण आज थांबू या का? काका, यंत्र ठेवा. मी उद्या येईन.

थिआम-होक: थांबा.

ख्यू बाई: बरं. ठरवायचं तुम्ही, काका. तुम्हाला वाटलं तर मी आत्ता छ्वांना फोन लावते. होडी धक्क्याला राहील. तुम्ही न जाता राहील, नुसती बांधलेली. तसंही करता येतं.

सुइ-किम: लावा बाई. तो म्हणत असेल तर लावा. त्याची होडी आहे.

थिआम-होक: पुडी.

सुइ-किम: ही घे. उशाशी ठेवू?

थिआम-होक: गळ्यात.

सुइ-किम: पट्टीला लागेल. मनगटाला बांधते. असं. घट्ट नाही ना?

थिआम-होक: बे.

ख्यू बाई: काका, हाच तो शब्द. एकटा बोललात तर यातून कळत नाही कुठला ते. पूर्ण वाक्य करा. घाई नाही.

सुइ-किम: हात देऊ का? लिहितोस?

थिआम-होक: हात नको.

ख्यू बाई: दांडी आणखी थोडी आत घ्या. हां. आता.

थिआम-होक: त्या दिवशी मी होडी विकायलाच सांगितली होती.

ख्यू बाई: पूर्ण वाक्य आलं, काका. एकही शब्द तुटला नाही.

सुइ-किम: ऐकलं मी.