काजळी जाळायला गेलेले वडील

नाव सोबतच्या अर्जात दिल्याप्रमाणे. वय ४६ वर्षे. धंदा गाद्या-उशांचे दुकान. राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी व माझे वडील असे तिघे राहतो. वडील ७४ वर्षांचे असून उभा जन्म मालवाहू गाडीवर ड्रायव्हर होते. आई वारल्यापासून ते आमच्याकडे असतात. आज सकाळी नाश्ता करून ते आमची पांढरी पिकअप घेऊन बाहेर पडले. ते अद्याप परतलेले नाहीत, म्हणून मी तक्रार देण्यास आलो आहे.

ते कोठे गेले असे मला विचारण्यात आले. ते कोठेही गेलेले नाहीत, म्हणजे त्यांना कोठे जायचेच नव्हते. हे नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही. आज दिवसभर भेटेल त्याला हेच सांगून माझे तोंड दुखले आहे, तरी पुन्हा सांगतो.

गाडी डिझेलवरची आहे. दोन वर्षांपूर्वी नवी कोरी घेतली. हल्लीच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी हायवेवर एका वेगाने वीस-पंचवीस मिनिटे पळाली की तो तापतो आणि काजळी आपोआप जळून जाते. आमची गाडी गावातल्या गावात चालते. गादी टाकली, दोन गल्ल्या गेली, गादी उतरवली, परत आली. काजळी साठते, पण जळत नाही. मग समोर पिवळा दिवा लागतो. तो लागला की गाडी हायवेवर न्यायची आणि दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करायचे नाही. मध्येच बंद केले की इंजिनाची ताकद जाते आणि गाडी गोगलगायीच्या चालीने चालू लागते. विकताना हे कोणी सांगितले नव्हते. मला गाद्या पोहोचवणारी गाडी हवी होती. आता मीच गाडीची सेवा करतो.

दोन वर्षांत गाडी किती वेळा सर्व्हिस सेंटरला गेली याचा हिशेब मी सोडून दिला आहे. तिथे गेली की ती शहाण्या मुलासारखी वागते. तिथला इंजिनिअर तिला लॅपटॉप लावतो आणि म्हणतो, काही दोष नाही. दुकानाशी आली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वडील म्हणतात, "आमचं इंजिन धूर ओकायचं, पण ओकून मोकळं व्हायचं. हे सगळं पोटात ठेवतं आणि मग तापतं." त्यांची जुनी गाडी हातोडी आणि तारेच्या तुकड्यावर चालायची. तिची स्तुती मी इतक्या वेळा ऐकली आहे की मला ती पाठ आहे.

गेल्या वर्षी दिवा लागलेला असताना वडील वाटेत चहाला थांबले आणि इंजिन बंद केले. फिल्टर चोंदला, गाडी दोर बांधून ओढत न्यावी लागली. नातवाच्या वयाच्या त्या इंजिनिअरने सगळ्यांसमोर त्यांना सुनावले, "बाबा, जुन्या सवयी सोडा आता. दिवा विझेपर्यंत बंद करायची नाही म्हणजे नाही." घरी आल्यावर मीही तेच बोललो, त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

तेव्हापासून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी गाडी फिरवून आणण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. त्या दिवशी ते स्वतः शर्टाला इस्त्री करतात. आरशात बघून भांग पाडतात. तासाभराने येऊन जिन्यातूनच माझ्या पत्नीला ओरडून सांगतात, "झालं गं गाडीचं पोट साफ!" एरवी दिवसभर खुर्ची गॅलरीत ओढ, आत ओढ, एवढेच चालते. पत्नी म्हणते, आठवड्यात त्यांचा एकच दिवस उजाडतो.

आज दुपार झाली तरी ते आले नाहीत. मी फोन लावत राहिलो. रिंग जाते, पण उचलत नाहीत. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा त्यांचा नियम आहे, त्यामुळे प्रथम मी काळजी केली नाही. नंतर शेजारच्या पडदेवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून वडील गाडी फिरवतात तो पूर्ण बायपास दोनदा पालथा घातला. टोलनाक्यावर विचारले. पांढऱ्या पिकअप दिवसाला किती जातात, असे तिथल्या माणसाने मलाच उलट विचारले.

मग सर्व्हिस सेंटरला फोन केला. इंजिनिअर म्हणाला, "अहो, परवा आम्ही सेन्सर बदलला ना, तो लॉटच खराब निघालाय. काजळी जळली तरी दिवा लागूनच राहतो. लक्ष देऊ नका त्याच्याकडे. उद्या आणा गाडी." वडील कोठे आहेत ते कळले नाही, पण ते काय करत आहेत ते कळले. ते दिवा विझण्याची वाट बघत आहेत.

हे सांगितल्यावर येथील अंमलदार हसले. म्हणाले, "दिव्यासाठी कोणी दिवसभर गाडी हाकतं का? भूक लागली की थांबतील." मी सांगितले की, टाकी मी कालच भरली आहे आणि माझे वडील थांबणार नाहीत. घरात भांडण झाले होते का, असेही विचारण्यात आले. झाले नव्हते. वडिलांना विसर पडत नाही. उलट, सांगितलेले ते सोडत नाहीत. ते वाट चुकतील अशी मला भीती नाही. दुपारी त्यांचा डोळा लागतो, बसल्या जागी लागतो, आणि आज ते बसले आहेत ती जागा स्टिअरिंगसमोरची आहे. मला त्याची भीती वाटते.

अंगावर आकाशी रंगाचा शर्ट, करडी पॅन्ट, चष्मा आहे. उंची माझ्याएवढी, आता थोडी कमी.

जबाब येथपर्यंत लिहून झाला असता माझ्या मोबाईलवर वडिलांचा फोन आला. अंमलदारांच्या सांगण्यावरून मी स्पीकर सुरू केला. वडील म्हणाले, "काय रे, सारखा फोन करतोस? गाडी चालवत होतो ना मी."

"बाबा, आहात कुठे?"

"गाडीतच."

"अहो, गाडी कुठे आहे?"

"रस्त्याच्या कडेला. डिझेल संपलं."

पंपावर थांबून भरले का नाही, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, "पंपावर इंजिन बंद करावं लागतं. बंद करायचं नाही असं तूच म्हणालास ना? चांगले सहा-सात पंप सोडले. एकदा मोकळं व्हायला उतरलो, तेही इंजिन चालू ठेवून."

अंमलदारांनी माझ्याकडून फोन घेतला व ते म्हणाले, "आजोबा, तिथे जवळ कोणी असेल तर त्याला फोन द्या." वडिलांनी तो एका पंक्चरवाल्याला दिला. त्याने ठिकाण सांगितले. ते येथून आठ-नऊ तासांवर आहे. तो म्हणाला, "तब्येत ठीक आहे साहेब, पाणी पाजलंय. पण खाली उतरायला काही तयार होत नाहीत. मालक येईल तेव्हा उतरतो म्हणतात." मालक म्हणजे मी.

नंतर वडील पुन्हा फोनवर आले. "ऐक ना. ह्या वेळी मी बंद केली नाही हं. ती आपली आपण बंद पडली. त्या पोराला सांग तसं."

मी म्हणालो, "सांगतो बाबा. तुमची काही चूक नाही. त्यांनीच सेन्सर खराब बसवलाय. इंजिन ठणठणीत आहे."

मागून ट्रक जात असल्याचे आवाज येत होते. मग त्यांनी विचारले, "म्हणजे पुढच्या सुट्टीला मीच जाणार ना?"

अंमलदार माझ्याकडे बघून मानेने नाही नाही करत होते. पत्नीनेही मला घरून निघताना बजावले होते की, सुखरूप सापडू देत, पण यापुढे किल्ली त्यांच्या हातात द्यायची नाही. मलाही ते पटले होते. मी हो म्हणालो.

वडील मिळाल्याने माझी काही तक्रार राहिलेली नाही. पडदेवाल्याला सोबत घेऊन, डिझेलचा कॅन व जेवणाचा डबा घेऊन मी त्यांना आणण्यास जात आहे.

माझे शेवटचे "हो" जबाबात घेऊ नये अशी मी विनंती केली. अंमलदार म्हणाले, आमच्यासमोर बोललात ते लिहावे लागते. मग लिहा, असे मी सांगितले. संपूर्ण जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे असून, त्या "हो"सकट खरा आहे.