दहा नंबरचा डाव

मला सांगा, माझा पाय नऊ नंबरचा असताना दुकानदारानं दहाचा बूट काढायचं कारण काय? तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

जोतिबाच्या डोंगरावर पळायचं खूळ डोक्यात शिरलं, म्हणून पहिल्यांदाच असले बूट घ्यायला गेलतो. विचारलं, "नऊ न्हाय व्हय?"

"हाय की. पण पावणं, डोंगर उतरताना बोटं पुढं सरकत्यात. एक नंबर मोठा घ्या."

"पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारताय व्हय?"

"न्हाय वो!"

"कोल्हापूरच्या माणसाला पायताण शिकवू नका. आमच्यात चप्पल घट्टच घेत्यात. आठवडाभर चावती, मग तेल पाजलं की पायाजोगी हुती."

"अवो, ती कातड्याची. ही जाळी आन रबर हाय."

"काढा नऊ!"

घरी येऊन बुटांना खोबरेल चोळलं. बायको म्हणाली, "आता त्यांची येणी-फणी बी करा."

रविवारी डोंगर झ्याक चढलो. उतरताना मात्र पावलापावलाला अंगठे बुटाच्या टोकावर आपटायला लागले. खाली येऊन बघतोय तर दोन्ही नखं काळीनिळी, आणि तेलकट बुटांवर सगळ्या डोंगराची धूळ.

तसाच लंगडत दुकान गाठलं. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं आणि दहाचं खोकं पुढं सरकवलं. बूट घातला. बोटं अगदी मोकळी.

"आता कसं वाटतंय, पावणं?"

मी त्याच्याकडं रोखून बघितलं. म्हटलं, "शेवटी दहा नंबर खपवलाच की तुम्ही!"