विडीच्या पानाच्या घमेल्यात टाकलेल्या गोळ्या

मी चोरखमाऱ्याकडची. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत मजुरी करे, आमी बौद्ध लोक, माय म्हणे पोरीले शिकवा, पण सातवीतच माह्या हातात विड्या वळाचं सूप आलं, ते काही सुटलं नाई. लग्न होऊन कुडव्याले आली. माह्या पोरीचे, सुनीताचे बाबा, म्हणजे माहे मालक, राइस मिलात हमाल, पाठीवर बोरा घेऊन असे झपझप चालत का पाहातच राहा. जाऊ द्या, मी कुठची कुठं चालली.

तं त्याईच्या जबड्यात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणे आता ऑपरेशन होत नाई, घरी न्या, सिस्टर घरी येईन, दुखणं कमी करीन. घरी सिस्टर येते म्हणजे दवाखान्यानं माणूस सोडून देल्ला, असंच आमाले वाटे. माहा दीर तं दारातच म्हणे, वहिनी, ते अफूची गोळी हाये, एकडाव झोपला माणूस का उठत नाई. सिस्टर गाडीवर आली, चांगली बोलली, चार-चार घंट्यानं गोळी पाण्यात विरघळवून चमच्यानं पाजा म्हणे. मी हो हो म्हटलं.

आन काय सांगू तुमाले, मी साधं पाणी पाजलं. गोळी टाकली विडीचं पान भिजवाच्या घमेल्यात. सिस्टर पाकीट पाहीन म्हणून बराबर टायमावर गोळी काढो आन टाको. आठ दिवस! ते उशी मुठीत आवळत, भितीले डोकं घासत, मले पाहावे नाई, मी उठो, अंगणात जाओ, वापस येओ, पण गोळी नाई देल्ली. मले माणूस पाहिजे होता ना बाप्पा!

नवव्या दिवशी सिस्टरनं पाकीट पाह्यलं, त्याईले पाह्यलं, म्हणे इतक्यानं भागून नाई राह्यलं, डोस वाढवा लागते, डॉक्टरले विचारतो. फोन काढलाच तिनं. म्हटलं, आता हे सिस्टर आपल्या हातानं दुप्पट पाजते. मी तिचा हात धरला, घमेलं दाखवलं आन रडाले लागली. वाटलं शिव्या देते. ती खालीच बसली, म्हणे मावशी, मरण बिमारीनं येऊन राह्यलं, गोळीनं नाई. पहिलाच डोस देऊ, मी बसतो इथं.

देल्ली. ते झोपले. मी नाकाखाली बोट धरून बसली. सिस्टर म्हणे, अव मावशी, इतक्या दिवसाचा जागलेला माणूस, झोपू दे ना त्याले. दुपारी उठले आन पेज मागितली. अव, पेज! मंग चार महिने ते होते, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची मजाक करत.

एक दिवस मले म्हणे, हे गोळी पहिलेच काऊन नाई देल्ली व? मी म्हटलं, दवाखान्यानंच उशिरा देल्ली. त्याईनं दवाखान्याले मोठी शिवी हासडली, माह्या डोक्यावर हात ठेवला, म्हणे तू होती म्हणून वाचलो. मी खाली मान घालून पेज भरवत राह्यली.

आता कुडव्यात कोणाच्या घरी सिस्टर आली आन लोक दार लावाले लागले, तं मी हातातलं काम टाकून जातो, सारं सांगतो. सुनीताले सांगितलं, दिराले सांगितलं, आज तुमाले सांगितलं. त्याईलेच नाई सांगितलं. तुमच्या घरच्याले असं दुखणं कधी न येवो बाप्पा, आन आलं तं माह्यासारखी बायको न भेटो.