प्रोटॉन कोण घेईल

चंद्रभागा: ...माह्या हातून फुटलेल्या बाटल्यांच्या काचा वेचल्या मी, मॅडम, पन पूड कशी वेचू? बेंझोइक ॲसिड अन् नॅफ्थॉल, दोनी पांढरट, दोनी एकात एक झाले.

पद्मिनी मॅडम: हात कापला नाही ना?

चंद्रभागा: नाई. पन उद्या वरंगलचे परीक्षक येऊन राह्यले. कॉलेजात याच्या दुसऱ्या बाटल्या नाईत. साऱ्या वर्गाचं प्रॅक्टिकल माह्यापाई बुडते.

पद्मिनी मॅडम: हैदराबादेहून मागवायला वेळ नाही, हे खरं. पण पूड तर आहे. ती वेगळी होईल का, ते तूच सांग.

चंद्रभागा: मी काऊन? मी दहावीपर्यंत वांकिडी गावात मराठी शाळेत शिकली, मॅडम. इथं सारं तेलुगूत पाठ करून राह्यली. सांडलेलं कसं निवडावं, हे त्यात नाई.

पद्मिनी मॅडम: मग पाठ केलेलं सोड. भिंतीवरचा तक्ता बघ. पीकेए जितका लहान, तितकं ॲसिड जोरदार, प्रोटॉन लवकर सोडणारं. बेंझोइकचा किती?

चंद्रभागा: चार पॉइंट दोन. नॅफ्थॉलचा साडेनऊ.

पद्मिनी मॅडम: आणि खायच्या सोड्यानं प्रोटॉन घेतला, तर त्याचं काय बनतं?

चंद्रभागा: कार्बोनिक ॲसिड. त्याचा सहा पॉइंट चार... थांबा, मॅडम. बेंझोइक त्याच्याहून जोरदार हाये. ते सोड्याले प्रोटॉन देईल. नॅफ्थॉल त्याच्याहून कमजोर, ते नाई देनार.

पद्मिनी मॅडम: दिला तर काय, नाही दिला तर काय?

चंद्रभागा: देनारं मीठ होते अन् पान्यात जाते. पूड आधी ईथरात घोळली, तं न देनारं ईथरातच राह्यते. म्हंजे निघतात हे वेगळे. मॅडम, निघतात!

पद्मिनी मॅडम: मग स्पिरिटचा दिवा आधी विझव, ईथर पटकन पेट घेतं. पूड ईथरात विरघळव, उरलेली काच गाळून काढ, या तोटीच्या कुपीत सोड्याचं पाणी घाल. कार्बोनिक ॲसिड फुटून वायू होतो, हलवताना तो मधूनमधून सोड, नाहीतर बूच उडेल.

(कुपी हलते. फसफस ऐकू येते.)

चंद्रभागा: पाहा, कसं उसळून राह्यलं. देते ते प्रोटॉन.

पद्मिनी मॅडम: ईथर वर तरंगतंय, आता खालचं पाणी चंचुपात्रात काढ. त्यात हायड्रोक्लोरिक घालायचंय. पण बाटली उघडायच्या आधी सांग, काय होईल.

चंद्रभागा: हायड्रोक्लोरिक भलतं जोरदार. बेंझोइकचा गेलेला प्रोटॉन ते वापस देईल. अन् बेंझोइक थंड पान्यात फारसं विरघळत नाई. पांढरं होऊन खाली बसलं पायजे.

पद्मिनी मॅडम: घाल हळूहळू.

चंद्रभागा: ...बसलं, मॅडम. दह्यावानी दाटलं.

पद्मिनी मॅडम: गाळून वाळत घाल. नॅफ्थॉलचं काय करशील?

चंद्रभागा: ईथर उडू देतो खिडकीपाशी, ते मागं राह्यते. नाई तं कॉस्टिक सोड्यानं तेबी पान्यात आलं असतं, कॉस्टिकनं प्रोटॉन घेतला तं पानी बनते, अन् पान्याचा पीकेए साडेपंधराच्या वर हाये. पन अल्कोहोल असं पुरतं आलं नसतं. ते पान्याहूनबी जरासं कमजोर.

पद्मिनी मॅडम: अल्कोहोलचं मी विचारलं नव्हतं.

चंद्रभागा: मीच इचारलं. तक्त्यावर दिसलं, तं रायवलं नाई.

पद्मिनी मॅडम: उद्या परीक्षकांसमोर अशीच बोल. मराठीत सुचलं तर मराठीत सुचू दे, मग तेलुगूत सांग. आता घरी जा, आई वाट बघत असेल.

चंद्रभागा: आई रोज इचारते, मॅडम, कॉलेजात काय शिकून राह्यली म्हनून. मी आपली नुसतं धड्याचं नाव सांगतो.

पद्मिनी मॅडम: आज विचारलं तर?

चंद्रभागा: आज तिले चुलीपाशी बसवून सांगतो. कोन देईल अन् कोन नाई देनार, हे हात लावायच्या आधी समजते.