मौलाचाचांचा रोजचा सल्ला

तुम्ही आपलं म्हणता, मोठ्यांचं ऐकावं. अहो, पण ऐकू तर यायला पाहिजे की! भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात होतो मी. मागांचा खडखडाट असा, की शेजारचा शिंकला तरी डोळ्यांनीच कळायचं. तिथं माग दुरुस्त करणारे मौलाचाचा रोज पाळी सुरू झाली की प्रत्येकाजवळ यायचे आणि बोट वर करून काहीतरी सांगायचे. आम्ही मान डोलवायचो. इतकी वर्षं डोलवल्यावर 'काय म्हणालात?' असं विचारणार कुठल्या तोंडानं?

मग मालकानं माग भंगारात काढले. शेवटच्या दिवशी बटण बंद झालं आणि शांततेनंच कानाला दडे बसले. चाचा सवयीनं आले, सवयीनंच बोट वर करून ओरडले, "इमानानं राबणाऱ्याचा माग कधी बंद पडत न्हाय!"

सगळ्या शेडला ऐकू गेलं. कुणाची मान हलली नाही.

मी म्हणालो, "चाचा, रोज हेच सांगत होता व्हय? आमाला आजच ऐकू आलं की."

चाचांनी बोट खाली घेतलं.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटलं, समद्यांना मी फसवलं."