घर असलेल्या मुलीसाठी खोली

अधिकारी : ...तेवढी एकच अट अडतेय, बाई. बाकी सगळं विद्यापीठाला मान्य आहे. पण जिचं घर याच शहरात आहे, तिला वसतिगृहात राहायला शिष्यवृत्ती? समिती विचारणारच, कशाला म्हणून.

ताई : तिलाच तर द्यायचीय. बाहेरगावच्या मुलींना तुम्ही खोली देताच की.

भाऊ : मी सांगतो, मॅडम. ही माझी थोरली बहीण. इतकी वर्षं लॉन्ड्री चालवली, आता विकली, आणि आलेले पैसे मुलींच्या शिक्षणाला द्यायचे म्हणते. हेतू उत्तमच आहे. फक्त ही अट जरा... ताई, लोक हसतील गं. घर हाकेच्या अंतरावर, आणि पोरीनं वसतिगृहात राहायचं?

ताई : हसू देत. मला कुठे निवडणुकीला उभं राहायचंय. आणि हाकेच्या अंतरावर म्हणालास ना, तेच तर दुखणं आहे.

अधिकारी : त्यापेक्षा फी, पुस्तकं असं काही ठेवू या का? हुशार मुलीला तेवढाच आधार.

ताई : माझीही फी भरलेली होती. वडिलांनी वेळच्या वेळी भरली. पुस्तकंही नवी कोरी होती. तरी दुसऱ्या वर्षाला मी नापास झाले.

अधिकारी : तुम्ही इथेच शिकत होतात?

ताई : हो, रसायनशास्त्र. मागच्या इमारतीत प्रयोगशाळा होती आमची. आवडायचं हो मला. फार आवडायचं.

भाऊ : पण तुला कुणी थांबवलं नव्हतं. उगाच आईबाबांना बोल लावू नकोस. पुन्हा परीक्षेला बस, असं बाबाच म्हणाले होते.

ताई : बसले की. त्याच स्वयंपाकघरात अभ्यास करून बसले, आणि पुन्हा तेच झालं. थांबवलं कुणीच नाही रे. नुसत्या हाका मारायचे. पुस्तक उघडलं की, जरा दूध बघ गं. दूध बघून येते तोवर, आजीला उठवून बसव. कोण आलंय बघ. तू आतल्या खोलीत असायचास. दार लावून.

भाऊ : माझं शाळेचं शेवटचं वर्ष होतं.

ताई : होतं ना. आई तुझ्या दारापर्यंत यायची आणि पाऊल न वाजवता माघारी जायची. मला म्हणायची, हळू, तो अभ्यास करतोय. मॅडम, मी भांडीसुद्धा आवाज न करता घासायला शिकले. त्यात मात्र पहिला नंबर आला असता.

भाऊ : हे तू कधी बोलली नाहीस.

ताई : काय बोलणार? मारत कुणी नव्हतं, उपाशी कुणी ठेवत नव्हतं. तक्रार करावी असं काही हाताला लागायचंच नाही. तू इंजिनिअर झालास तेव्हा सगळ्या गल्लीला मीच सांगत सुटले होते. पण राग यायचा रे. तुझ्या त्या बंद दाराचा फार राग यायचा.



अधिकारी : बाई, मला पटतंय. पण समितीला गरज दाखवावी लागते. वडील नाहीत, मिळकत तुटपुंजी आहे, घर लांब आहे, असं काहीतरी. चांगलं घर आहे हीच अडचण आहे, हे मी त्यांच्या गळी कसं उतरवू?

ताई : मग राहू द्या. दुसरीकडे विचारते. मला आतून कडी लावता येईल अशी खोली द्यायचीय, बाकी काही नाही. चल रे.

भाऊ : थांब ताई. बस जरा. मॅडम, अट आहे तशीच ठेवा. समितीसमोर मी येतो.

अधिकारी : जरूर या. पण पहिलाच प्रश्न येईल, मुलीला घरी त्रास काय आहे?

भाऊ : सांगेन ना. घरी भाऊ आहे.