खडकावरचा ओक

ल्युबिसाव : थांबा, वहिनी. झरा आला. बायकांनी इथवरच यायचं, हे मी सांगायला हवं का तुम्हाला?

स्पासेनिया : एक्केचाळीस वर्षं इथंच बसून तुम्हा पुरुषांची भाकरी नि चीज राखलं मी. आज कुणासाठी बसू? तुम्ही एकटे, नि तुमचं खाणं तुमच्याच पिशवीत. चला पुढं.

ल्युबिसाव : गाव काय म्हणेल?

स्पासेनिया : गाव म्हणजे सतरा घरं. निम्म्यांना ऐकू येत नाही, उरलेल्यांना आठवत नाही.

ल्युबिसाव : दादा असता तर...

स्पासेनिया : हे असते तर तुम्हाला व्हिएन्नाहून बोलावलं असतं कशाला? जानेवारीत गेले. पोटी मुलगा नाही. उद्या मिरवणूक झऱ्यापर्यंत आली की पाद्रीबाबा विचारणार, वरच्या पवित्र ओकावरचा क्रूस यंदा पुन्हा कोरला का? कुणी कोरला? घरच्या माणसानं नसेल कोरला तर ओकाचा मान शेजारच्या निकोदिमच्या घराकडे गेला. पाच पिढ्यांचा ओक, भाऊजी!

ल्युबिसाव : म्हणून तर आलो ना. पटाशी माझ्याकडे, कोरणार मी. तुम्ही उगाच कशाला धापा टाकताय?

स्पासेनिया : धापा कोण टाकतंय, ऐका जरा.

ल्युबिसाव : तीस वर्षं बस चालवली मी. चढ बस चढायची, मी नुसता बसायचो. आई गं, गुडघा! वहिनी, खरं सांगू? मागं फिरू या. निकोदिमला देऊन टाका ओक. वर चढणारं कोण उरलंय आता?

स्पासेनिया : आल्या वाटेनं मागं? फेरी सूर्याच्या वाटेनं पुरी करायची. इकडून चढायचं, पलीकडून उतरायचं. नऊ वर्षांचे असताना कंटाळून अर्ध्यातून मागं फिरलात, त्याच आठवड्यात गारांनी मक्याची चाळण केली. सासूबाई मरेपर्यंत ऐकवत होत्या.

ल्युबिसाव : ती गारपीट तीन जिल्ह्यांत झाली होती!

स्पासेनिया : तेवढा मोठा तुमचा पराक्रम.

ल्युबिसाव : हसा. हसा खुशाल.

स्पासेनिया : श्श! थांबा.

ल्युबिसाव : काय झालं? साप?

स्पासेनिया : साप नाही हो. बघा ना जरा वर. केवढे हे ओक! खाली आहेत ती यांची पोरंटोरं म्हणायची. आणि आपला आवाज कसा झालाय बघा, देवळात बोलल्यासारखा.

ल्युबिसाव : दादा इथं टोपी काढायचा.

स्पासेनिया : मग तुम्हीही काढा.

ल्युबिसाव : काढतो. टक्कल बघून हसायचं नाही. आता खडक लागला, हात टेकून चढा. पाय त्या खाचेत. तिकडे नको, निसरडं आहे. हं, द्या हात. आलात!

स्पासेनिया : अगं बाई!

(वारा.)

स्पासेनिया : ती चकाकते ती काय?

ल्युबिसाव : डॅन्यूब.

स्पासेनिया : एवढी? बाजाराला जाताना पुलावरून बघते, तीच ही? डोंगर फोडून गेलीय हो ती! आणि आपलं घर कुठं?

ल्युबिसाव : माझ्या बोटाच्या रेषेत. अक्रोडाच्या डावीकडे, लाल कौलं.

स्पासेनिया : ते? नखाएवढं? एवढ्याशा जागेत मी सासूबाईंशी वीस वर्षं भांडले! भाऊजी, हे न बघताच मेले असते मी. यांना विचारायचे, वर काय दिसतं? तर म्हणायचे, झाडं.

ल्युबिसाव : एका दमात दोन शब्द बोलला तर दादा कसला! या इकडे. हा आपला ओक. वाकडाच आहे, खडकातून काय मिळणार त्याला? क्रूस छातीच्या उंचीला असायचा. हा बघा... अरे!

स्पासेनिया : काय हो?

ल्युबिसाव : खाचेवर साल मिटत आलीय. तीन-चार वर्षं पटाशी लागलेली नाही याला.

स्पासेनिया : असं कसं? गेल्या मे महिन्यात आले होते की हे. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून बजावलेलं. मी एवढं ओरडले, तरी ऐकलं नाही. संध्याकाळी येऊन म्हणाले, कोरला.

ल्युबिसाव : आजारी माणूस, वहिनी. खडकाखालीच बसून परतला असेल. मी दोष देत नाही.

स्पासेनिया : म्हणजे माझ्याशी खोटं बोलले? चाळीस वर्षांत एकदा नाही, आणि जाता जाता?

ल्युबिसाव : थांबा. वहिनी, खाली बघा. कमरेपाशी. हा दुसरा क्रूस.

स्पासेनिया : आणि हा? त्याच्याही खाली?

ल्युबिसाव : याच्या कडा ताज्या आहेत. गेल्या वर्षीचा.

स्पासेनिया : इतक्या खाली कशाला कोरायचा?

ल्युबिसाव : उभं राहवलं नसेल. आधीचा गुडघे टेकून कोरला. हा तर बसूनच, खोडाला टेकून. रेघ बघा कशी तिरकी गेलीय.

स्पासेनिया : या खडकावर चढून? त्या छातीनं? एकट्यानं?

ल्युबिसाव : रडा, वहिनी. मी तिकडे तोंड करतो.

स्पासेनिया : आणि घरी येऊन मला म्हणाले, आज सूप अळणी झालंय.

ल्युबिसाव : घ्या.

स्पासेनिया : पटाशी? मला?

ल्युबिसाव : माझा हात थरथरतोय.

स्पासेनिया : कुठं थरथरतोय?

ल्युबिसाव : बरं, नाही थरथरत. तरी घ्या. घरच्या माणसानं कोरायचा असतो. मी घर सोडून तीस वर्षं झाली.

स्पासेनिया : बाईनं कोरलेला क्रूस पाद्रीबाबा मानतील?

ल्युबिसाव : त्यांना म्हणावं, वर चढून बघा नि मग बोला. कुठं कोरताय? छातीच्या उंचीला, जुन्यावर?

स्पासेनिया : नाही. यांच्या शेवटच्या क्रूसावर. तोच पुन्हा उघडते. हात द्या, खाली बसू द्या मला.

ल्युबिसाव : सावकाश. हं, ही हातोडी. मारा आता.

स्पासेनिया : मारते. जरा थांबा. बसल्यावरही दिसते हो, भाऊजी. सगळी नदी दिसते इथून.